बाण खाडीपलीकडे दाखवतो

आमच्या बाबांनी रिटायर व्हायलाच नको होतं. केमिकल कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून उभी हयात नकाशे काढलेला माणूस घरी बसला की काय करतो? आईच्या डब्यांना लेबलं लावतो. तिखटाच्या डब्यावर ‘तिखट’ वाचून आई अशी काही भडकली, की तिनं त्यांना डोंबिवलीतल्या आमच्या मंडळाच्या अँब्युलन्सकडे पिटाळलं. कॉलेज सुटलं की मी तिथेच फोनवर बसायचे. म्हणजे घरी बाबा, तिथेही बाबा.

अँब्युलन्सचं मुख्य दुखणं म्हणजे पत्ता. शहरात भागायचं, पण खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावांतून फोन आला की ‘वडाच्या पुढं या’ एवढंच कळायचं. आणि वड तर बघावा तिथे. अशात माझे काका अमेरिकेहून सुट्टीला आले ते हातात मावणारं जीपीएस घेऊन. नव्वदीचं दशक सरत आलेलं. आमच्याकडे साधा मोबाइल नव्हता, आणि हे यंत्र म्हणे उपग्रहांशी बोलणार. एखाद्या जागी उभं राहून बटण दाबलं की ती जागा त्याच्या लक्षात राहायची, आणि पुढे कधीही पडद्यावरचा बाण त्या जागेकडे बोट दाखवायचा. चार घरं इकडेतिकडे व्हायचं, पण चालायचं. बाबांना तर आभाळ ठेंगणं झालं.

खाडीकाठच्या प्रत्येक गावाची जागा यंत्रात घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. पहिल्याच दिवशी रिक्षा चिखलात रुतली, तेव्हा मासळीचा बाजार उरकून घरी निघालेली एक कोळीण त्यांना म्हणाली, “बाबा, रस्त्यान कनाला मरता? होरीन चला.” फुकटात होडी मिळाल्यावर कोण मरायला रिक्षा करतो? मग बाबा प्रत्येक गावाला होडीनंच गेले. धक्क्यावर उतरायचे आणि उपग्रह सापडेपर्यंत यंत्र आभाळाकडे धरून, नैवेद्य दाखवावा तसे ताटकळत उभे राहायचे. बटण दाबून झालं की जमलेल्यांना बजावायचे, “गाडी बरोब्बर इथे येणार. पेशंटला इथे आणून ठेवायचं.” निघताना त्यांच्या पिशवीत कोणीतरी बोंबील कोंबायचं. आम्ही पक्के वरणभातवाले. आई बोंबील शेजारी द्यायची आणि बाबांना अंघोळीला लावायची.

एका दुपारी फोन आला. बोलणारी तीच कोळीण होती, बाबांना पहिल्यांदा होडीत बसवणारी. तिच्या सुनेला पहाटेपासून कळा लागल्या होत्या, बाळ आडवं आलं होतं आणि सुईणीनं हात टेकले होते. बाबा यंत्र घेऊन ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसले, मी मागे. बाण वळेल तिथे वळायचं, असा बाबांचा हुकूम. अंतराचा आकडा भराभर उतरत होता आणि बाबा खुशीत होते.

मग रस्ता एका बांधावर संपला. समोर खाडी, आणि बाण सरळ पाण्यावर रोखलेला.

पलीकडच्या काठावर गावाचा धक्का. तिथे बायका पदर हलवून हाका मारत होत्या आणि मधोमध बाजलं. बाबांनी सांगितलं होतं तस्सं त्यांनी केलं होतं. त्या पोरीचं घर गावाच्या मागच्या टोकाला, थेट डांबरी सडकेवर, हे मला नंतर कळलं. तिथून तिला अख्खं गाव ओलांडून धक्क्यावर आणलं होतं. आता त्या सडकेनं जायचं तर आम्हाला शीळफाट्यापर्यंत मागे फिरून वळसा पडणार होता.

“बाबा, गाडी काय पोहत येणार होती?” मी ओरडलेच. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

कोळी माणसं आमच्यासाठी थांबली नाहीत. बाजल्यासकट तिला होडीत घालून, सासूला बरोबर घेऊन निघाली. पाणी काठोकाठ होतं, होडी सरसर आली. इस्त्रीच्या पँटीसकट बाबा कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि होडी ओढायला लागले. पोरगी माझ्याच वयाची. गाडीत तिनं माझं मनगट असं आवळलं की माझ्या बांगड्या पिचल्या. मी आपली ‘आलंच हं हॉस्पिटल, आलंच’ म्हणत होते.

सिझेरियन झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. कोळीण बाकावर मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. मग आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. चिखलाची पँट वाळत आली तशी बाबांची जीभही सुटली. वॉर्डबॉयला धरून ते सांगायला लागले, “काही म्हणा, यंत्रानं जागा अचूक दाखवली.”

कोळणीनं पदरानं डोळे पुसले. तिच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता.

“भरती व्हती म्हून, बाबा. सुकती असती तं होरी चिखलानच बसली असती. मना सून दिसली नसती.” मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आता उतराला लागला असल पानी.”

बाबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. यंत्र उचललं, पडद्यावरची गावांची नावं एकेक करत खाली सरकवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “अगं, मी सगळ्याच गावांना धक्क्यावर यायला सांगून बसलोय.”