हार घातलेला कॉम्प्युटर

रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीतला कॉम्प्युटर आज बंद होता. त्याला दसऱ्याला लावलेलं कुंकू अजून तसंच होतं, झेंडूचा हार वाळून कडक झाला होता. आईचे जुने कागद मागितले, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "व्हायरस शिरलाय हो. सगळ्या फायलींना कुलूप लागलंय. आमच्या हातात काय आहे?"

हातात काय होतं ते गेल्या खेपेला मी इथूनच पाहिलं होतं. 'अपडेट करा' अशी चौकट पडद्यावर आली आणि बाईंनी माशी हाकलावी तसं 'नंतर' दाबलं. रांग पुढे सरकली म्हणून मलाही बरंच वाटलं.

चीड येते ती आपल्या या भक्तीची. यंत्राला हार घालायला, नारळ फोडायला, पेढे वाटायला आपल्याला अर्धा दिवस सापडतो. चोर शिरेल ती भोकं अपडेटने बुजवायला दहा मिनिटं सापडत नाहीत. वर पुन्हा विचारायचं, आमच्या हातात काय आहे!

आत डॉक्टर आईला विचारत होते, "आजी, मागच्या वेळी कुठल्या इंजेक्शनाने त्रास झाला होता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मला आठवेना. ते त्या हारामागे लिहिलेलं होतं.