श्रमाआधीचा श्रमपरिहार

गेली कित्येक वर्षं मी बाराही महिने लोकांना एकच प्रश्न विचारत हिंडतोय: "येशील ना?" समोरचा हो म्हणतो. तेवढ्यावर खूश होऊन मी घरी येतो आणि बायकोला सांगतो, आणखी एक माणूस मिळाला. बायको मान वर न करता विचारते, "मिळाला म्हणजे नक्की किती मिळाला? हो म्हणण्यापुरता, की खुर्च्या उचलण्यापुरता?"

प्रकार असा, की आम्ही काही हौशी मंडळी पुण्यात दर वर्षी चाहत्यांचं एक संमेलन भरवतो. चित्रकथा, विज्ञानकथा, जपानी कार्टून मालिका, पटावरचे खेळ, असलं काही ज्यांना वयाच्या मानाने जरा जास्तच आवडतं, त्यांनी दोन दिवस एकत्र यायचं, भाषणं ऐकायची, भांडायचं आणि आवडत्या पात्रांचे पोशाख करून मिरवायचं. जागा म्हणजे कर्वेनगरातलं एक मंगल कार्यालय, कारण दुसरं कोणी आम्हाला दारात उभं करत नाही. त्यामुळे मुली पोशाख बदलतात त्या खोलीवर 'वधूपक्ष' लिहिलेलं असतं, आणि आमचं नोंदणीचं टेबल लागतं ते बरोबर तिथे, जिथे एरवी अत्तर लावायला दोन मावश्या उभ्या असतात. मी या सगळ्याचा कार्यवाह. पन्नाशी उलटलेला, दिवसा विमा कचेरीत लोकांचे दावे बघणारा आणि उरलेल्या वेळात स्वयंसेवक गोळा करणारा.

स्वयंसेवकांच्या बाबतीत माझ्याइतक्या चुका फार कमी लोकांनी केल्या असतील, आणि त्याही इतक्या मन लावून. सुरुवातीला मी कॉलेजांत सूचना लावल्या. मुलं आली, "सर्टिफिकेट मिळेल का?" असं विचारलं. मी सर्टिफिकेट छापून घेतली आणि उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी सकाळीच वाटली. दुपारी मी आणि वाटून उरलेली सर्टिफिकेट, एवढेच कार्यालयात होतो. पुढे टी-शर्ट काढले. टी-शर्ट घालून पोरं फुकट आत शिरली आणि पुढच्या रांगेत बसून फोटो काढत राहिली. एकाला बाहेर बोलावलं, तर म्हणतो, "सर, मी क्राउडच मॅनेज करतोय ना. आतून."

मग मला वाटलं, माणसाला मान दिला पाहिजे. मी प्रत्येकाला पद दिलं. पार्किंगप्रमुख, रांगप्रमुख, पाणीप्रमुख. त्या वर्षी सगळेच प्रमुख झाल्यामुळे हाताखाली कोणी उरलं नाही. पाणीप्रमुखाने मला स्वच्छ सांगितलं की जार उचलणं त्याच्या जबाबदारीत बसत नाही, तो फक्त देखरेख करील. जार मी उचलला. त्याने देखरेख खरोखर चांगली केली.

या सगळ्या पदांमध्ये एकच पद खरं निघालं, ते म्हणजे नोंदणीप्रमुख. ही मूळची यवतमाळकडची मुलगी. हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी, कर्वेनगरात मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणं. ऑफिसातल्या कोणीतरी पाठवलं म्हणून आली आणि नोंदणीच्या टेबलाशी बसली ती तीन वर्षं उठलीच नाही. रांग कितीही लांब असो, तिचा आवाज चढत नसे. ती नसती तर संमेलन दारातच अडकलं असतं, हे मला कळत होतं. आणि कळत असल्यामुळेच मी तिला तिथून हलू देत नव्हतो.

गेल्या वर्षी संमेलनाला तीनेक महिने असताना तिने मला चहाला बोलावलं. कोणी चहाला बोलावलं की मला आनंद होतो, तसा झाला.

"काका, हे माझं शेवटचं वर्ष," ती म्हणाली.

"का गं? काय झालं?"

"काही नाही झालं. तेच ना. तीन वर्षं झाली, मी संमेलन पाह्यलंच नाही. मला फक्त आतून आवाज येते."

मी म्हणालो की आत तसं काही विशेष नसतं. संमेलनाच्या कार्यवाहाने बोलावं असं हे वाक्य नव्हे. तिने ते ऐकून सोडून दिलं.

"मी पोशाख करून राहिली," ती म्हणाली. "पंखवाली योद्धी आहे एक, तिचा. दुसऱ्या दिवशी चार वाजता पोशाखांची स्पर्धा असते. चारला मला सोडा. टेबल कोणालाही द्या. तेवढं झालं तर पुढचं पुढं पाहू. नाही झालं तर राम राम."

"एवढंच ना?" मी म्हणालो. "माणूस देतो तुला. एक काय, चार देतो."

एक माणूस. दोन दिवसांच्या गडबडीत दीड-दोन तासांसाठी एक माणूस. घरी जाताना मला हे फारच सोपं वाटत होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर एकेक चेहरा आठवून पाहिला आणि माझी झोप उडाली.

आता श्रमपरिहाराबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम पार पडला की राबलेल्या माणसांना जेवण घालायची पद्धत आहे. मसालेभात, जिलबी, मठ्ठा. आमच्याकडे गंमत अशी, की संमेलनाला जी माणसं कुठेच दिसली नाहीत, ती श्रमपरिहाराला वेळेच्या आधी हजर असतात. हात धुऊन. यावर विचार करता करता मला जे सुचलं, ते मला त्या क्षणी फार थोर वाटलं होतं. माणसं जेवायला नक्की येतात ना? मग जेवण आधी घालावं. एकदा जेवला की माणूस लाजेकाजेस्तव तरी कामाला येईल.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "लाज मिठासारखी पानात वाढता येते, असं वाटतं का तुम्हाला?"

मी ऐकलं नाही. कचेरीतल्या एका सहकाऱ्याचं मांजरी गावात उसाचं शेत आहे, शेडही आहे. तिथे आचारी लावला आणि ग्रुपवर निरोप टाकला. एरवी माझ्या निरोपाला नुसते अंगठे येतात. अंगठा म्हणजे 'वाचलं', 'येतो' नव्हे, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. या वेळी मात्र लोकांनी शब्द लिहिले. कसं यायचं, शाकाहारी आहे का, मित्राला आणू का.

माणसं आली, आणि इतकी आली की सहकाऱ्याचे काका गोठ्याकडून उठून बघायला आले.

"कारेक्रम झाला व्हय तुमचा?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, पुढच्या महिन्यात आहे."

"मग ह्ये जेवान कशाचं हाय?"

"पुढं काम करणार आहेत ना, त्याचं."

काकांनी पंगतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं हाय," म्हणाले आणि परत गोठ्याकडे गेले.

जिलबीच्या दुसऱ्या फेरीला मी उभा राहिलो. माझ्या हातात माईक नसला तरी मी माईक असल्यासारखाच बोलतो. सेवा, आपुलकी, संमेलन आपलं आहे, वगैरे झाल्यावर मी विचारलं, "दुसऱ्या दिवशी चार वाजता नोंदणीचं टेबल कोण घेणार? हात वर करा." पुष्कळ हात वर झाले. मला भरून आलं. तेवढ्यात वाढपी मसालेभाताची परात घेऊन त्या हातांकडे गेला, आणि ते एकेक करून खाली आले. एक हात मात्र भात वाढून झाल्यावरही वर राहिला. तो एका कॉलेजकुमाराचा होता. मी त्याचं नाव तिथल्या तिथे पक्कं केलं.

नोंदणीप्रमुख माझ्या शेजारीच बसली होती. ताटातलं सगळं नीट संपवून ती म्हणाली, "काका, हे सगळे जेवायला आले."

"म्हणजे संमेलनाला येतील ना?"

"आले ना. झालं त्यांचं."

संमेलनाच्या पहिल्या दिवशी पंगतीतल्यापैकी थोडे दिसले, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडे. बाकीच्यांचे निरोप आले. घरी पाहुणे आलेत, गाडी पंक्चर आहे, ऑफिसने बोलावलं. एकाने लिहिलं होतं की मांजरीच्या जिलबीपासून पोट जे बिघडलं ते अजून ठीक नाही. महिना उलटून गेला होता. मी त्याला काळजी घ्यायला सांगितलं. हे मी उपहासाने लिहिलं नव्हतं. उपहासाला जोर लागतो, आणि तोवर मी तीन खोल्यांतल्या खुर्च्या हलवल्या होत्या.

तिचे पंख खुर्च्यांच्या टेम्पोतून आले, कारण ते रिक्षात मावेनात. व्यायामशाळेत जमिनीवर घालतात त्या फोमच्या चटया कापून तिने एकेक पीस केलं होतं, आणि कडेने दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. माळा बुधवार पेठेतून आणल्या होत्या. दुकानदाराने म्हणे विचारलं, "कशाला हव्यात?" ही म्हणाली, पंखांना. तो म्हणाला, "छताचा पंखा असेल तर माळ गुंडाळली जाईल. नंतर बदलून मिळणार नाही." ही गोष्ट सांगताना ती हसत होती. पंख तिने टेबलामागच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि कामाला बसली.

साडेतीनला मी कॉलेजकुमाराला निरोप टाकला: कुठे आहेस? उत्तर आलं. अंगठा.

पुढे फोन केला, तो उचलला गेला नाही. पार्किंगप्रमुखाला विचारलं, तो घरी निघाला होता. आता इथे एक अडचण सांगायला हवी. पोशाखांच्या स्पर्धेचं निवेदन पहिल्या वर्षापासून मी करतो. माईक हातात आला की माझी कंबर दुखायची थांबते. प्रत्येक स्पर्धकाच्या आधी मी त्या पात्राची माहिती सांगतो, थोडं विनोदी बोलतो, आणि लोक म्हणतात की पोशाख शिवायला लागला नसेल इतका वेळ मी बोलायला घेतो. वर्षभराच्या वणवणीतून माझ्या पदरात पडत होतं ते एवढंच. तेव्हा मी टेबलावर बसायचं, तर माईक सोडायचा.

मी तिला "पाचच मिनिटं थांब" म्हणायला टेबलाकडे गेलो. ही पाच मिनिटं मी तिला आजवर पुष्कळ वेळा दिली होती. बघतो तर चार वाजत आलेले आणि ती पोशाख बदलायला उठलीच नव्हती. समोरच्या माणसाचं नाव टाइप करत होती. घड्याळाकडे तिने पाहिलं असणारच. पण कोणी येणार नाही हे तिने माझ्याही आधी गृहीत धरलं होतं, आणि चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी सबब सांगितली असती.

"ऊठ," मी म्हणालो.

"कोण आलं?"

"मी."

"आणि माईक?"

"तो काय, जागेवर आहे."

"काका, जमन का तुम्हाला?"

"सरक."

ती पंख उचलून 'वधूपक्षा'कडे धावली. मी ध्वनिव्यवस्थेवाल्याला बोलावून स्पर्धकांचा कागद दिला आणि म्हटलं, तू बोल. त्याने विचारलं, काय बोलू? मी म्हटलं, नाव घे आणि ये म्हण. त्याने तेवढंच केलं.

टेबलावर मी काय केलं ते थोडक्यात सांगतो. एका विक्रेत्याला मी 'परीक्षक' असा बिल्ला दिला आणि तो लगेच लावून निघून गेला. एक बाई म्हणाल्या, "अहो, ती मुलगी कुठे आहे? ती पटकन करायची." मग घाईत कुठलीशी कळ दाबली गेली आणि आतापर्यंत आलेल्या सगळ्यांना 'आपली नोंदणी रद्द झाली आहे' असा निरोप गेला. सभागृहातून फोन वाजल्याचे आवाज आले. तिघे जण बाहेर येऊन भांडू लागले. त्यातला एक डोक्यावर शिंगं असलेला होता. "आम्ही आत बसलोय आणि आमची नोंदणी रद्द?" मी म्हटलं, "बसा हो, बसा. तुम्ही आहातच." ते गेले.

मग आतले दिवे मालवले गेले. दाराच्या फटीतला उजेड गेल्यावर मला कळलं की आता ती मंचावर असणार, कारण माळा दिसायला अंधार हवा, असं तिने ध्वनिवाल्याला सांगून ठेवलं होतं. आधी काही ऐकू आलं नाही. मग जो गलका झाला, तो टाळ्यांचाच असावा. मी उठून फटीतून बघणार होतो, पण समोर एक आजोबा नातीचं नाव सांगत होते, आणि त्यांना जोडाक्षर पुन्हा सांगावं लागत होतं.

स्पर्धा प्रथमच वेळेत संपली. कार्यालयाचे व्यवस्थापक माझ्याकडे येऊन म्हणाले, "आज लवकर? निवेदकाची प्रकृती बरी नाही का?"

ती आली ती पंखांसकट. खुर्चीत बसता येईना, म्हणून टेबलाशी उभी राहिली. उत्तेजनार्थ मिळालं होतं, त्याचं तिला काही नव्हतं. ती आतलंच सांगत सुटली. शिंगवाल्याचा पोशाख जवळून कसा दिसतो, चित्रकथांच्या दुकानात काय काय आहे, वरच्या खोलीत खेळाचा पट मांडलाय आणि लोक सकाळपासून उठलेच नाहीत. "काका, आतमध्ये इतकं भारी असते, हे तुम्ही सांगितलंच नाही."

तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, साधलं. ही आता कुठे जात नाही. सवयीने तोंडातून गेलंच, "मग पुढच्या वर्षी येशील ना?"

"येईन ना," ती म्हणाली. "सकाळपासून येईन. दोन्ही दिवस. तिकीट काढून."

बोलण्यासारखं बरंच होतं, पण आत जाऊन इतकं आवडलेल्या माणसाला पुन्हा दारात बसवायचं, तर कुठल्या तोंडाने म्हणायचं? तिचं लक्ष लॅपटॉपच्या पडद्याकडे गेलं होतं. "हे काय केलं?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती माझ्या खांद्यावरून वाकली, एक पंख माझ्या कानाला लागत होता, आणि दोन कळांत तिने सगळ्यांच्या नोंदण्या परत जिवंत केल्या.

"आता तुम्ही करून दाखवा," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोण?"

मी केलं, चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा तिने माझा हात उचलून दुसऱ्या कळेवर ठेवला.

"सावकाश, काका," ती म्हणाली. "वर्ष आहे अजून."