मोठेबाबांची विलायतेची तयारी

देवानं सहा दिवसांत जग निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, असं आमच्या शास्त्रात लिहिलं आहे. हेच काम त्यानं आमच्या मोठेबाबांवर सोपवलं असतं, तर सहाच्या सहा दिवस तयारीत गेले असते आणि सातव्या दिवशी विसाव्याला टेकण्याआधी त्यांनी उशी उन्हात टाकली असती. मी आयुष्यात धांदरट, आळशी, उतावीळ अशी सगळ्या तऱ्हेची माणसं पाहिली, पण तयारीवर एवढं जीव तोडून प्रेम करणारा माणूस दुसरा पाहिला नाही. इतर लोक एखादं काम नीट व्हावं म्हणून तयारी करतात. मोठेबाबांना तयारी करायला मिळावी म्हणून कामं लागत.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. केळापूरजवळच्या एका खेड्यात आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी होती, तिचे ते उपदेशक. अंगानं उंच आणि वाळके. सायकलवर बसले की गुडघे हँडलला लागत, म्हणून ते पाय फाकवून चालवत आणि समोरून येणाऱ्या बैलगाड्या आपोआप बाजूला होत. मी तेव्हा मिशनच्या शाळेत नवी मास्तरीण म्हणून लागले होते आणि त्यांच्याकडेच राहत होते. घरात ते, मोठी आई आणि मी. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मोठी आईचा सगळा राग-लोभ एकट्या मोठेबाबांच्या वाट्याला येई. उरलासुरला मला मिळे.

कुणी आजारी असल्याचं कळलं की मोठेबाबा त्याच्यासाठी प्रार्थना करायला जात. पण एकदम कसे जातील? आधी घरी तालीम व्हायची. मोठी आईनं खाटेवर पडायचं, कण्हायचं, आणि मोठेबाबांनी दारातून आत येऊन धीराचे चार शब्द बोलायचे. ते शब्द पसंत पडले नाहीत की पुन्हा दाराबाहेर. मोठी आई पदरात तोंड लपवून हसायची आणि "आजारी माणसानं हसू नये" म्हणून बोलणी खायची. एकदा अशी जंगी तयारी करून ते एका गावी पोचले, तर आजारी माणूस सकाळीच वखर घेऊन शेतात गेलेला. त्याच्या बरं होण्याचा आनंद मोठेबाबांना झाला नाही असं मी म्हणणार नाही, पण परत आले ते तोंड पाडूनच. म्हणाले, "लय चांगली प्रार्थना बसवलती वो."

अशा माणसाला एके दिवशी यवतमाळच्या मिशन बंगल्यावर बोलावणं आलं. विलायतेत कुठल्याशा गावी एका मोठ्या घरात देशोदेशीचे शिष्य एकत्र राहतात, शास्त्र शिकतात, प्रार्थना करतात आणि घरातली कामंही पाळीपाळीनं आपल्या हातानं करतात. सहा महिन्यांचं हे शिष्यत्वाचं शिक्षण. त्यासाठी आमच्या भागातून मिशनच्या गोऱ्या साहेबांनी मोठेबाबांची निवड केली होती. बोटीची व्यवस्था तेच करणार होते.

मोठेबाबा घरी आले आणि पायरीवरच बसून राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या माणसाच्या मनात एक जुनी इच्छा आहे. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली होती. पुढचं सगळं त्यांनी दुसऱ्यांचे उपदेश ऐकून उचललेलं. "साऱ्या जिंदगीत मी लोकायले शिकवत आलो," ते म्हणाले, "मले कोणी खाली बसवून शिकवलंच नाही. एकडाव कोणाच्या पायापाशी बसून नीट शिकाव वाटते." मोठी आईनं त्यांच्या पुढ्यात पाण्याचा गडवा ठेवला आणि आत गेली. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यावाचून एक दिवसही राहिलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तयारी सुरू झाली.

पहिला आला कोट. कुणा गोऱ्या साहेबानं देशी परतताना मागे ठेवलेला, जाड लोकरीचा, पोटऱ्यांपर्यंत येणारा. महिना वैशाखाचा, आमच्याकडे दुपारी कावळेसुद्धा उडत नाहीत असा. मोठेबाबा तो कोट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून गावात फिरू लागले. मी म्हटलं, मोठेबाबा, सवय थंडीची करायला हवी ना? त्यावर त्यांनी माझ्या अज्ञानाची कीव केली. "थंडी आपल्या पायानं येते, बाई. तिची काय सवय करा लागते? सवय करा लागते कोटाची!" केळापूरच्या बाजारात त्यांना भर उन्हात कोट घालून घामाघूम झालेलं पाहून हिवताप खात्याच्या माणसानं त्यांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा नमुना नेला. नमुना चांगला निघाला. मोठेबाबांनी तोही विलायतेच्या तयारीतच धरला.

मग बोट. समुद्रात पोट ढवळतं असं त्यांनी ऐकलं होतं. बंजारा तांड्यावरचे नाईक त्यांचे जुने स्नेही. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले, त्यामुळे प्रवासाच्या बाबतीत मोठेबाबा त्यांचाच सल्ला घेत. नाईकांनी आपली गाडी जुंपली. मोठेबाबा डोळे मिटून आत उताणे पडले आणि नाईकांनी चाकोरी सोडून सगळ्या ढेकळांवरून गाडी घातली.

"समुद्र असाच असते का, उपदेशकजी?" नाईकांनी विचारलं.

"असाच असते, नाईक," आतून खोल आवाज आला. "फक्त ओला असते."

साहेबांच्या मडमबाईंनी सुरी आणि काटा दिला होता. ज्वारीची भाकर सुरीनं कापून काट्यानं खाण्याचा प्रयोग ज्यानं पाहिला नाही, त्यानं काहीच पाहिलं नाही. पहिल्याच दिवशी एक तुकडा उडून पाण्याच्या गुंडात पडला आणि दुसरा माझ्या शाळेच्या पातळावर. मोठी आई म्हणाली, "हातानं खाल्लं तं देवाले चालत नाही काय जी?"

पण खरी कसोटी घरकामाची होती. मोठेबाबांना आपल्या घरात मीठ कुठे असतं हे ठाऊक नव्हतं. आता तिथे तर स्वयंपाक, झाडलोट, भांडी, सगळं करायचं. त्यांनी मोठी आईला गुरू केलं. तिला हे मुळीच रुचलं नाही.

"काहून जी, त्या लोकायले तिकडं भांडे घासाले माणूस भेटत नाही काय, का इथून न्या लागते?"

"अवो, तिथं सगळ्यायलेच घासा लागते. प्रभूनं शिष्यायचे पाय धुतले, मले ताट धुवाले काय झालं?"

"प्रभूले शेजारीण नव्हती," मोठी आई म्हणाली.

शेवटी परसात बाजेला गोधडी बांधून आडोसा केला आणि त्यामागे मोठेबाबा राखेनं भांडी घासू लागले. मोठी आई बाहेर बसून, कुणाला संशय येऊ नये म्हणून, हातातल्या बांगड्या वाजवत राही. तरी शेजारणीनं कुडावरून पाहिलंच आणि "बाई बाई, उपदेशकजी भांडे घासून राह्यले!" ही सुवार्ता संध्याकाळपर्यंत गावभर झाली. एवढ्या वेगानं मोठेबाबांची कुठलीच सुवार्ता कधी पसरली नव्हती. आठवडाभर हसून लोक थकले आणि मग गोधडी काढून टाकली. पुढे पुढे मोठी आई पाटावर बसून "कडाई उलटी करा, मागं काजळी आहे" असं ठसक्यात सांगू लागली. तिला ते आवडायला लागलं होतं हे मला दिसत होतं. भाकर थापायला मात्र मोठेबाबांना फार दिवस लागले. त्यांची भाकर गोल सोडून सगळ्या आकारांची होई.

श्रावणात निरोप सुरू झाले. आमच्या मंडळीत कुणी दूर निघालं की घरोघरी त्याच्यासाठी प्रार्थना होते, भजन होतं, झांजा वाजतात आणि मग जेवण. मोठेबाबांसाठी तर एकेका घरानं कोंबडं कापलं. शेवटी मंडळीत सर्वांसमोर त्यांच्या डोक्यावर हात ठेवले गेले, नव्या तरुण उपदेशकाच्या हाती त्यांचं काम सोपवलं गेलं, बायका रडल्या. आणि पासपोर्टच आला नाही. बोट गेली, शिक्षणाचा तो वर्ग सुरू झाला. साहेबांनी सांगितलं, आता पुढच्या वर्गाला, नाताळाच्या सुमारास निघायचं.

दुसरा कुणी असता तर उठून कामाला लागला असता. पण मोठेबाबांच्या मते एकदा निरोप झाला म्हणजे झाला. देवासमोर दिलेला निरोप परत कसा घ्यायचा? ते गेलेल्या माणसासारखेच राहू लागले. मंडळीत मागच्या कोपऱ्यात बसत. प्रार्थना कोण करणार असं विचारलं तर गप्प राहत. बाजाराला जाताना शेताच्या बांधानं जात, कारण ज्यांचं कोंबडं खाल्लं त्यांना तोंड कसं दाखवायचं? दारात कुणी "उपदेशकजी आहेत का?" विचारलं तर खोटं बोलायचं नाही म्हणून स्वतःच आतून सांगत, "त्यायचा निरोप झाला!" सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांनी तर त्यांना छातीशी धरून, डोळे पुसत निरोप दिला होता. पुढच्याच आठवड्यात मोठेबाबा सायकल ढकलत त्यांच्यापुढे उभे.

"अरे पादरीसाब! आप तो चले गये थे!"

"गेलोच आहो, चाचा. फक्त एवढं पंक्चर काढून द्या."

कापसाची वेचणी जोरात असताना पासपोर्ट आला. पेटी भरून तयार झाली. सकाळच्या मोटारीनं यवतमाळ, तिथून छोट्या आगगाडीनं मूर्तिजापूर आणि मग मुंबई. आदल्या दिवशी दुपारी मोठेबाबा त्या पेटीसमोर बसले होते. त्यांनी ती उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "मी काय म्हणतो, कोटाची एक गुंडी ढिली वाटून राह्यली. भाकरबी अजून गोल येत नाही. पुढच्या सालीच जावं. तवापर्यंत चांगली तयारी होते."

मोठी आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"खरं सांगा जी. भेव वाटते ना?"

त्या उंच माणसाला एवढं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "वाटते," ते म्हणाले. "इतके वर्ष लोकायपुढं उभा राह्यलो. आन् तिथं गेल्यावर निंगालं, का याले तं काहीच येत नाही, तं?"

"तं शिका. त्याच्याचसाठी चालले ना?"

"आन् तू? नाताळाले एकटीच..."

"मी काय कापसाचं बोंड आहो का, कोणी वेचून नेईन मले?" मोठी आई उठून त्यांच्यासमोर येऊन बसली. "प्रभूनं बोलावल्यावर पेत्रानं पाण्यावर पाय ठेवला, तवा आधी पोहायची तालीम केलती का? तुमच्याच तोंडून ऐकलं म्या."

"तो बुडू लागला ना पण!"

"बुडू लागला, तं प्रभूनं हात धरला ना त्याचा?"

मोठेबाबांनी आयुष्यात शेकड्यांनी उपदेश केले असतील. त्यांना उपदेश झालेला मी पाहिला तो एवढाच. त्यांनी पेटी लावली आणि पुन्हा उघडली नाही.

ते गेले, सहा महिने राहिले आणि सुखरूप परत आले. सुरी-काट्याचा उपयोग झाला, कोटाचाही झाला. बोटीत मात्र पोट ढवळलंच. नाईकांना त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की समुद्र तुमच्या गाडीसारखा नाही, त्याला हाकणारा धुरकरी नसतो. तिथल्या घरात भांडी घासण्यात त्यांचा हात कुणाला धरता आला नाही. शास्त्र किती शिकलात म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "पुष्कळ. पण बाई, खाली बसून ऐकाले काय सुख वाटते!" त्यांचा चेहरा तेव्हा शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या मुलासारखा झाला होता. पुढे ते खूप वर्षं जगले आणि सुखानं जगले.

आता दोघंही नाहीत. त्यांची आठवण आली की मला हसू येतं, आणि हसता हसता नेहमी ती सकाळच डोळ्यांपुढे येते. मोटार धूळ उडवत निघाली, मोठेबाबा खिडकीतून हात हलवत दिसेनासे झाले. सगळी मंडळी रडत होती. मोठी आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. उलट तीच इतरांना सावरत होती. मला तिचं कौतुक वाटलं, थोडं नवलही वाटलं. घरी आलो. तिनं चूल सारखी केली, गुंड भरला, अंगण झाडलं. मग मधल्या घरात भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "जरासं दार लोटून घे वो बाई. आता मले रडू दे. ते असताना रडली असती, तं त्यायनं रडायचीबी तयारी केली असती."

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिले.