सुभेदार माने आणि चढावर अडणारी गाडी

सुभेदार हणमंतराव माने यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असे समितीने ठरवले. त्यांच्याविषयी शांतपणे लिहिणे मला जमणार नाही, हे आधीच सांगते.

आमची पहिली भेट त्यांच्या मिरजेच्या गॅरेजमध्ये झाली आणि तिथेच वाद झाला. आष्ट्याची आमची संस्था जतकडच्या गावांत डोळे तपासायला गाडी पाठवते. देणगीत मिळालेली ही पिकअप ऑटोमॅटिक. चढाला लागली की ती एकाच गिअरमध्ये अडकायची. इंजिन ओरडायचे, गाडी सरकायची नाही. थोडा वेळ उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. एका वर्कशॉपने ती सपाट रस्त्यावर फिरवली आणि अख्खा गिअरबॉक्स बदला, असे कळवले. ते आम्हाला झेपणारे नव्हते. गाडी विकून फिरती तपासणी बंद करावी, असे विश्वस्तांच्या मनात होते. मी कशीबशी मुदत मागून घेतली होती.

गॅरेजला न्यायची म्हणून आमचे चालक बाळू खरात यांनी सामान उतरवून गाडी लख्ख धुतली होती. आपल्याकडे सगळे असेच करतात. सुभेदार मात्र भडकले.

"रिकामी गाडी कशाला आणली? आजार घरी ठिवून आलाय व्हय?"

मी वर्कशॉपचे म्हणणे सांगू लागले, तर मला अडवून म्हणाले, "बाई, कुठला पार्ट गेलाय ते सांगू नका. गाडी काय करती तेवढंच सांगा. न्हाईतर बाळूला बोलू द्या, चालवतो त्यो."

मी आयुष्यभर महाविद्यालयात शिकवले. वर्गात असे मी बोलत असे, मला कोणी बोलत नसे.

लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून आलेल्या सुभेदारांची पद्धत ठरलेली आहे. तोच रस्ता, तेच ओझे, तोच चालक. म्हणजे आम्ही आष्ट्याला परतलो, उतरवलेले सगळे पुन्हा भरले आणि त्यांना घेऊन चढावर गेलो. गाडी अडली. त्यांनी स्कॅनर लावला, डोके हलवले आणि ठामपणे सांगितले की तेलाचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह चिकटतो आहे. तो त्यांनी साफ करून बसवला. पुढच्या तपासणीच्या दिवशी, गावात माणसे ताटकळत असताना, गाडी त्याच चढावर अडली.

सोबत आलेले सुभेदार खाली उतरले. "मी चुकलो. परत पहिल्यापासनं बघायचं."

माझा संताप अनावर झाला होता. पण त्या क्षणी 'वर्कशॉपचं बरोबर हाय, गिअरबॉक्सच बदला' म्हणून स्वतःची सुटका करून घेणे त्यांना अगदी सोपे होते. ते त्यांनी केले नाही. बॉनेट उघडून नळ्या चाचपल्या. गिअरबॉक्सचे तेल पुढच्या जाळीत थंड व्हायला जाते. जाणारी नळी आणि परतणारी नळी सारख्याच तापल्या होत्या. तेल थंड होतच नव्हते. जाळीच्या मागे उसाचे पाचट आणि चिखल यांचा थर होता, समोरून पाणी मारून मारून घट्ट बसलेला. भरल्या गाडीने चढ घेतला की तेल उकळायचे आणि गिअरबॉक्स स्वतःला वाचवायला अडून बसायचा. बाळूंचा चेहरा पडला.

"आरं गड्या, धुतलीस ते चांगलंच केलंस," सुभेदार म्हणाले, "आता मागनं पानी मार."

गावात पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. सुभेदार शाळेच्या पडवीत बसलेल्या म्हाताऱ्यांसमोर हात जोडून उभे राहिले. "आवं मावशी, तुमचा खोळंबा माझ्यामुळं झाला."

"असू द्या," एक आजी म्हणाल्या. "आदी गाडीलाच चष्मा लावा, मग आमाला बघा."

सुभेदार मोकळेपणाने हसले. मी नाही.

बैठकीत एका विश्वस्तांनी दुरुस्तीची हमी मागितली. "हमी कसली? चढावर चला," म्हणत सुभेदारांनी त्यांना भरल्या गाडीत, बाळूंशेजारी बसवले. गाडी वरपर्यंत न थांबता गेली. विक्रीचा विषय पुन्हा निघाला नाही.

डॉक्टरांनी सुभेदारांना दुपारी विश्रांती सांगितली आहे. त्या वेळी ते कोणत्या तरी गाडीखाली असतात. मी सांगायला गेले तर उलट मलाच गप्प करतात. त्यांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो. जतकडच्या कितीतरी माणसांचे डोळे अजून तपासायचे राहिले आहेत, गाडी जुनी होत चालली आहे, आणि त्यांच्याशी भांडल्याशिवाय ती दुरुस्त करून घेण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.