कारभारींची तिफण मस्कतला

मंठ्याच्या बाजारपेठेत कारभारींचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, मागे पडदा, पडद्यावर रंगवलेला राजवाडा आणि राजवाड्याला उंदरांनी पाडलेली एक जादा खिडकी. तालुक्यातली निम्मी लग्नं या राजवाड्यासमोर काढलेल्या फोटोंवर जमली. ज्यांची जमली त्यांनी कारभारींना दुवा दिला. काहींनी तो पुढे परत घेतला.

कॅमेऱ्याचा स्टँड त्यांनी गावच्या सुताराकडून एका मोडक्या तिफणीच्या लाकडातून करून घेतला होता. पेरणीच्या तिफणीला तीन फण, याला तीन पाय, आणि वजन जवळपास तेवढंच. म्हणून सगळे त्याला तिफणच म्हणत.

कारभारींचे दोन नियम होते. एका बैठकीला एकच फोटो. डोळे मिटले तर ते गिऱ्हाइकाचं नशीब. आणि तिघांचा फोटो काढायचा नाही. तिघांच्या फोटोत मधल्याचं आयुष्य तोकडं होतं, असं आमच्याकडे मानतात. तिघं आले की कारभारी शेजारच्या मच्छिंद्र शिंप्याला हाक मारून चौथा म्हणून बसवत. मच्छिंद्र किती घरांच्या भिंतींवर पाहुणा होऊन बसलाय, हे त्याला स्वतःलाही सांगता यायचं नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचा, पुष्पाचा, मस्कतहून फोटो आला. जावई वसंता तिकडे एका कंपनीत ड्रायव्हर होता. तिकडच्या झकास स्टुडिओतला रंगीत फोटो: एकीकडे वसंता, एकीकडे पुष्पा, आणि मधोमध तान्ही नात.

कारभारींची बायको साळूबाई वर्षभर अंथरुणावर होत्या. अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. नातीचं तोंड पाहायचं एवढाच ध्यास त्यांनी घेतला होता. त्यांनी फोटो पाहिला, उशीवर पालथा घातला आणि त्या दिवसापासून ताट परत पाठवायला लागल्या.

कारभारींनी पुष्कळ समजावलं. दुसरा फोटो मागवू, कोणीतरी शेजारी चौथा बसवू, म्हणाले. साळूबाईंची जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट होते.

"मच्छिंद्र लोकाच्या लेकरांना चालतो. माझ्या नातीजवळ घरचं माणूस पाह्यजे. तुम्ही जा."

म्हणजे कारभारींनी फोटोत बसायचं होतं. हयातीत ते कधी कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला गेले नव्हते, आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता. बटण दाबून पळत जाऊन बसायची सोय कॅमेऱ्यात होती, पण त्याला तिफण पाहिजे. वसंतानं तिकीट पाठवलं. निघताना साळूबाईंनी डाव्या हातानं तिफणीच्या तिन्ही पायांना हळद-कुंकू लावलं, पेरणीआधी लावतात तसं, आणि ती गोधडीत बांधायला लावली.

मुंबईच्या विमानतळावर गोधडी सुटली. बाभळीचे तीन सोटे आणि त्यांवर लाल डाग पाहून शिपायानं साहेबाला बोलावलं, साहेबानं मोठ्या साहेबाला. एवढे साहेब कारभारींनी कलेक्टर कचेरीतही एका जागी पाहिले नव्हते. शेवटी ठरलं की हे आत न्यायचं नाही, सामानात टाकायचं. कारभारींना ते पटलं. एसटीतही अवजारं आत घेत नाहीत. त्यांनी अदबीनं दोरी मागितली आणि म्हणाले, "टपावर चढायची शिडी दाखवा साहेब. मी स्वतः बराबर बांधून देतो."

साहेब लोक हसले. कारभारी हसले नाहीत. विमानभर ते छताकडे पाहत, वाऱ्यानं गोधडी सुटली असेल का, याचा विचार करत होते.

मस्कतला तिफण उतरली ती एक पाय सांध्यातून मोडून. पुष्पा सांगते, नातीला पहिल्यांदा घेतलं तेव्हा आबांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कोणासाठी होतं हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

सुतार तिथं मिळेना. परतीचा दिवस आला तेव्हा कारभारींनी केरळच्या एका शेजाऱ्याला बोलावलं आणि गळ्यातला कॅमेरा काढून त्याच्या हातात ठेवला. मुलगी सासरी पाठवताना बाप एवढ्या सूचना देत नाही. मग ते बसणाऱ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. शेजाऱ्यानं बटण दाबलं आणि आणखी एक काढू का म्हणून विचारलं. कारभारी नको म्हणाले. नियम म्हणजे नियम.

रोल त्यांनी मंठ्याला आणून आपल्या अंधाऱ्या खोलीत स्वतः धुतला. पाण्यातून कागदावर आधी नात उमटली, मग पुष्पा, मग वसंता. त्यांच्या मागे कोटाची बटणं उमटली, कॉलर उमटली, आणि तिथं फोटो संपला. कारभारींना मुंडकंच नव्हतं.

ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. तिघांच्या फोटोला भ्यालेल्या बाईला बिनमुंडक्याचा नवरा कसा दाखवायचा? पण दाखवण्यासारखा दुसरा फोटोही नव्हता.

साळूबाईंनी फोटो डाव्या हातात धरला. नातीवरून त्यांची नजर हलेना. मग ती वर सरकली.

"तुमचं तोंड कुठं गेलं?"

"राह्यलं तिकडंच," कारभारी म्हणाले.

नातीच्या डोक्यावर एक हात होता. फोटो धुवायच्या औषधानं नखं काळी पडलेला. साळूबाईंनी त्या हातावर अंगठा ठेवला.

"हात तुमचाच हाय. चौघं झाले. बराबर हाय."

त्यांनी उशीखालचा तिघांचा फोटो काढून दिला आणि नदीत सोडायला सांगितला. त्या संध्याकाळी भाकरी कुस्करून मागितली.

पोळ्याच्या आधी साळूबाई गेल्या. नातीला मांडीवर घेणं झालं नाही.

पुढच्या वर्षी वसंताला सुट्टी मिळाली, तिघं मंठ्याला आली. कारभारींनी तिफणीच्या मोडक्या पायाला लोखंडी पट्टी ठोकून घेतली होती. राजवाड्यासमोर तिघांना बसवलं, बटण दाबलं, पळत जाऊन मागे उभे राहिले आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवला. फोटो उत्तम आला. तोंडासकट.

तो त्यांनी पुष्पाला देऊन टाकला. घरात भिंतीवर मस्कतचाच लागला.