जर्मनाचं पान

अख्ख्या मराठवाड्यात जर्मन माणसाचं श्राद्ध घालणारे एकच गृहस्थ होऊन गेले, आणि ते माझ्या ताईचे सासरे होते. खुलताबादच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. निवृत्तीनंतर शहरात ताईच्या घरी राहायला आले आणि एकच ध्यास घेतला : मूळ संख्यांपायी आयुष्य वेचलेल्या एका जर्मन गणितज्ञाचं चरित्र मराठीत लिहायचं, तेही त्याच्या सिद्धतांसकट. त्यासाठी अडुसष्टाव्या वर्षी ते शब्दकोश पुढ्यात घेऊन जर्मन शिकले. फुलंब्रीहून येणाऱ्या भाजीवालीला ते जर्मन आकडे म्हणून दाखवत. ती शेवटपर्यंत ऐकून घेई आणि म्हणे, "लई छान, सर. आता थैली धरा."

सर्वपित्री अमावास्येला घरच्या पूर्वजांच्या पानाशेजारी त्या जर्मनाचं पान मांडलेलं असे. "त्याला मूल ना बाळ. त्याचं कोण करणार?" असा त्यांचा सवाल. पानावर उकडलेले बटाटे. ताईनं हळद घातली की, "त्याला झेपायचं नाय," म्हणून पुन्हा उकडायला लावत.

नऊ वर्षांत अकरा प्रकरणं झाली. बाराव्यात त्या माणसाची सगळ्यात मोठी सिद्धता होती आणि तिथं गाडी अडली. जसंच्या तसं उतरवून मोकळे व्हा, असं मी सुचवलं. "समजल्याबिगर लिहिणार नाय," ते म्हणाले. मला रागच आला, कारण तोवर त्यांची नजर निम्मी गेली होती.

मग ताई त्यांच्या वहीतला कच्चा मराठी खर्डा वाचून दाखवू लागली. ताई दहावीला गणितात दोनदा नापास झालेली. तिला कळली तरच ओळ पक्की, असा त्यांनी नियम केला. कुकर लावून ती वही घेऊन बसे आणि मधेच विचारी, "बाबा, हे कुठून आलं?" एकदा तिच्या या प्रश्नानं त्यांचीच चूक निघाली आणि चौदा पानं रद्दीत गेली. त्या दिवशी त्यांनी जिलेबी आणली.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. बारावं प्रकरण राहिलं. यंदा सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी ताईला म्हणालो, "अकराच छापून टाकू. कुणाला काय कळणार आहे?" ती उद्यासाठी बटाटे आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन पानं शेजारी शेजारी मांडली. एकावर खीर आणि वडे, दुसऱ्यावर बिनहळदीचे बटाटे. हात जोडून सासऱ्यांच्या पानाला म्हणाली, "बाबा, बाराव्या प्रकरणात सत्तेचाळीसाव्या पानापर्यंत आले. पुढचं अजून समजलं नाय. समजल्याबिगर लिहिणार नाय."

मला त्यांची फार आठवण आली. जेवणं उरकली, ताईनं ओटा पुसला आणि हात कोरडे करून वही उघडली.