रत्नाकरचं भांडण

रत्नाकरच्या मुलीचा, शीतलचा फोन आला तेव्हा मी भिलाईत रिसालीच्या बाजारात पपई दाबून बघत होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. "सकाळी चहा ठेवला आणि तिथंच खाली बसले..." माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात पपई, आणि तोंडून बाहेर पडलं ते आमच्या चर्चच्या मंडळीत अशा वेळी सवयीनं पडतं तेच. "प्रभूची इच्छा, बेटा. त्याची योजना चांगलीच असते." ती म्हणाली, "काका, प्लीज. अभी ये सब नहीं." फोन बंद. पपईवाला म्हणाला, "इतना दबा दिए हो तो ले ही लो भैया." घेतली. सर्वात जुन्या मित्राच्या दारात मी पिशवीत पपई घेऊन पोचलो. ती कुठं ठेवावी हे मला मातीहून परत येईपर्यंत सुचलं नाही.

रत्नाकरचे आणि माझे वडील विदर्भातून स्टील प्लांटच्या नोकरीसाठी भिलाईला आले. दोघं ख्रिस्ती, दोघांची क्वार्टरं सेक्टर दोनमध्ये, भिंतीला भिंत लागून. पुढं तो प्लांटच्या लॅबमध्ये केमिस्ट झाला आणि मी पर्सोनेलमध्ये बाबू. मराठी उपासनेला येणारी कुटुंबं इथं मोजकीच, त्यामुळं माझ्यासारख्यालाही तिथं मान मिळाला. प्रार्थना करणारा माणूस अशी माझी ख्याती होती. मी डोळे मिटून "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या" म्हटलं की बायका उठून गॅस बंद करून यायच्या, इतकी ती लांबायची. रत्नाकर मात्र आईशी बोलायचा त्याच बोलीत देवाशी बोलायचा, आणि थोडक्यात.

मग त्याची बायको, कमलवहिनी, आजारी पडली. दोन्ही किडन्या निकामी होत चालल्या होत्या. आम्ही उपास केले, साखळी प्रार्थना केल्या. आमच्यात आजारी माणूस बरा झाला की घरासमोर मांडव घालून उपकारस्तुतीची सभा ठेवतात. गायनं होतात, कुणी साक्ष देतं, शेवटी केक आणि चहा. एका रविवारी भर उपासनेत मी उभा राहिलो आणि जाहीर केलं, "वहिनी बऱ्या होणार, प्रभूनं मला सांगितलंय. आपण विश्वासानं सभेची तारीख आजच धरू!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या आवडल्या, हेही लिहून टाकतो.

संध्याकाळी रत्नाकर घरी आला. "तुले खरंच सांगितलं का रे त्यानं?"

"विश्वास ठेव ना."

"विश्वासाचं नाही विचारून राहिलो मी. आवाज आला का, ते विचारून राहिलो."

"आतून आला."

"आतून तं गॅसही येते लेका," तो म्हणाला आणि हसला. पण जाताना दारात थांबून त्यानं हळूच विचारलं, "मांडववाल्याले तू सांगतो, का मी सांगू?" त्याला ते खरं हवं होतं. एवढ्या हुशार माणसाला माझ्यासारख्याचं ऐकावंसं वाटलं, इतकं हवं होतं...

ठरलेल्या दिवशी पहाटे वहिनी गेल्या. मांडव आदल्या दिवशीच उभा झाला होता, झालरीसकट. त्याच झालरीखाली त्यांना आणून ठेवलं. माणसं जमली, रडारड सुरू झाली, आणि तेवढ्यात बेकरीचा माणूस स्कूटरवरून खोका घेऊन उतरला. तो केक थांबवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. कुणाच्या म्हणजे माझ्या. रत्नाकरनं झाकण उघडलं. गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, 'कमल भाभी ठीक हो गईं'. त्यानं ते नीट वाचलं, झाकण लावलं आणि मला म्हणाला, "आत ने. लोक दुरून आले आहेत, चहासोबत दे." मी आत उभा राहून चाकूनं ती अक्षरं खरवडली. बोटांना क्रीम लागलं. काय करावं कळेना, तर सवयीनं चाटलं. गोड होतं. आजही कुणाच्या वाढदिवसाला बोलावलं की मला मधुमेह होतो.

त्या दिवसापासून मला एकट्यानं प्रार्थना करता येईना. चारचौघांत अस्खलित, आणि खोलीत एकटा बसलो की जीभ टाळूला चिकटलेली. हे मी कुणालाच सांगितलं नाही, रत्नाकरलाही नाही. काही आठवड्यांनी माझ्या घरी प्रार्थनासभा होती. एकेकानं पाळीपाळीनं प्रार्थना करायची असते. त्याची पाळी आली. "देवा," तो म्हणाला, "तू ऐकत नव्हता, का ऐकून गप होता? दोनपैकी काय समजू, तेवढं सांग मले. माझा तुझ्यावरचा..." पुढं काय होतं कुणास ठाऊक. खोलीत नवे पाळकसाहेब होते, आणि मी टाळ्या वाजवत एक आनंदाचं गीत सुरू केलं. भलत्याच वरच्या पट्टीत. बायकांचे आवाज फाटले, पण सगळे माझ्यामागं गायले. रत्नाकर डोळे उघडून माझ्याकडं बघत राहिला. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाला, "देवाचा वकील लागला का तू? मी त्याले विचारून राहिलो, तू कावून घाबरून राहिला?"

नंतर तो सभांना येईना. कुणी विचारलं की मी गंभीर चेहऱ्यानं सांगे, "थंड पडलाय तो. विश्वास डळमळला." त्याला समजवायला म्हणून एका दुपारी गेलो. स्वयंपाकघरातून त्याचा चढा आवाज येत होता. वाटलं, कुणाशी तरी जुंपली आहे. बघतो तर हा एकटाच पत्ताकोबी चिरत उभा.

"कोणाशी भांडतो बे?"

"त्याच्याशीच. रोजचं आहे आमचं."

"उत्तर मिळालं?"

"नाही."

"मग?"

"मग काय? तुझ्यासारखं 'सब ठीक है' म्हणून फोन ठेवून देऊ का?" त्यानं दुसरा चाकू माझ्यापुढं सरकवला. चिरता चिरता विचारलं, "तू काय मागतो रे त्याले, एकटा असताना?" मी म्हणालो, "तुझी अक्कल." तो हसला. पुढं थोडं थांबलाही होता. मी खरं बोलेन म्हणून थांबला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी कोबी चिरत राहिलो. मग अशा किती दुपारी आल्या, आणि मी दर वेळी नवा विनोद घेऊन गेलो.

मागच्या आठवड्यात शीतलनं घर आवरायला घेतलं. भांडी खोक्यांत गेली, गॅसची शेगडी शेजारी दिली. रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून ती म्हणाली, "काका, कुलूप लावायच्या आधी प्रार्थना करा." मी डोळे मिटले. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या अगाध योजनेत..." आणि पुढं गेलंच नाही. ओट्यावर तेलाचे डाग होते, ते मला मिटल्या डोळ्यांनीही दिसत होते. शीतल थांबली होती. अगदी बापासारखी.

"देवा," मी म्हणालो, "वहिनींचं तू मले काही सांगितलं नव्हतं. मीच बोललो, तुझ्या नावावर. पोरीसमोर कबूल करून राहिलो..." आवाज माझा वाटेना. "पण मागितलं होतं ते खरं होतं. तेवढं तं खरं होतं ना? मग कावून नाही दिलं? रत्नाकरले एवढं कावून..."

लाजेनं मान वर होईना. ही पोर आता मला काय म्हणेल, तिच्या आईच्या केकवरची अक्षरं खरवडणाऱ्या माणसाला? डोळे उघडले तर ती ओट्याला टेकून, डोळे उघडे ठेवून, छताकडं बघत होती.

"रुको मत, काका," ती म्हणाली. "झाल्यावर मले बोलायचं आहे त्याच्याशी."